मावशीची केवायसी

मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. हे नातं कुणी जुळवलं, कुणासमोर जुळवलं आणि त्या वेळी वाघाकडचं कुणी हजर होतं का, याची नोंद नाही. मावशी म्हणजे आईची बहीण. म्हणजे मांजर आणि वाघाची आई या दोघी सख्ख्या बहिणी. एक डोंगरात दिली आणि एक गावात. गावात दिलेलीला दूधभात मिळाला आणि डोंगरात दिलेलीला रानडुकरामागे पळावं लागलं. आपल्याकडच्या बऱ्याच घराण्यांतून दोन बहिणींच्या नशिबात असा फरक पडलेला असतो, त्यामुळे या नात्याबद्दल शंका घ्यावी असं कुणाला वाटलं नाही.

मला वाटली. कारण मी बँकेत आहे. चोवीस वर्षं काउंटरच्या अलीकडे बसून माझा स्वभाव असा झाला आहे, की समोरचा माणूस 'मी यांचा पुतण्या' म्हणाला, की माझ्या तोंडून आपोआप 'काही पुरावा?' असं निघतं. एका लग्नात एका वृद्ध गृहस्थांनी 'मी नवऱ्या मुलाचा मामा' अशी ओळख करून दिली, तेव्हा सौभाग्यवतींनी वेळीच कोपर मारलं म्हणून बरं. नाहीतर मी त्यांच्याकडे आधार कार्डाची झेरॉक्स मागितली असती. वारस दाखल्याशिवाय आम्ही पोटच्या मुलाला बापाचे पैसे देत नाही, तिथे नुसत्या तोंडी सांगण्यावर मांजराला वाघाची मावशी कसं मानायचं?

गंमत म्हणजे, जगातली मोठमोठी सरकारं नेमका हाच प्रश्न सोडवत बसली आहेत. घरातलं मांजर रानातल्या मांजराचं कोण लागतं, कितव्या पिढीत लागतं आणि कितव्या पिढीनंतर ते नातं सोडून द्यायचं, याचे कायदे आहेत, नियम आहेत, त्या नियमांना दुरुस्त्या आहेत. हे ज्ञान मला झालं ते आमच्या शाखेत आलेल्या एका कर्जाच्या अर्जामुळे.

'कर्जाचे कारण' या रकान्यात लोक साधारणपणे घरदुरुस्ती, लग्न किंवा शिक्षण असं लिहितात. खरं कारण निराळं असतं. पण फॉर्म भरताना माणसाला या तिन्हीशिवाय काही आठवत नाही. या तरुण अर्जदारानं मात्र एकच शब्द लिहिला होता. मी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"हे 'मांडव' आहे ना?"

"नाही काका. मांजर."

"मांजर? किती?"

"एकच. बेंगॉल."

"बंगालहून आणायचं म्हणून एवढा खर्च येतो का?"

त्यानं दयाबुद्धीनं माझ्याकडे पाहिलं आणि मोबाइलवरचा फोटो दाखवला. सोनेरी अंग, त्यावर बिबट्यासारखे काळे ठिपके, आणि चेहऱ्यावर थकबाकी वसूल करायला आल्यासारखा भाव. किंमत एका चांगल्या मोटारसायकलीएवढी. मला धक्का बसला. मी जन्मात जेवढी मांजरं पाहिली, ती सगळी आपण होऊन आलेली होती आणि परत करतो म्हटलं तरी जात नव्हती. पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलेलं मांजर सोडणाऱ्याच्या आधी घरी पोचल्याची उदाहरणं आमच्या आळीत होती. अशा वस्तूला कुणी पैसे मोजतं, तेही कर्ज काढून, हे मला नवीन होतं.

अर्ज साहेबांकडे गेला. "तारण काय?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "मांजरच." साहेब थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ट्रॅक्टर तारण असला तर बांधावर दिसतो. म्हैस असली तर तिच्या कानात बिल्ला असतो. पाहणीच्या दिवशी ही वस्तू माळ्यावर जाऊन बसली तर पाहणी कशी करायची? शिवाय हे तारण रोज रात्री आपलं आपण बाहेर जाणार." त्यांनी आणखी एक दीर्घ श्वास घेतला. "आणि मुळात हे असलं मांजर पाळायला परवानगी आहे का? तुम्ही बी. कॉम. ना? मर्कंटाइल लॉ असेल तुम्हाला. जरा कायदा बघून टिपण द्या."

मर्कंटाइल लॉ होता, हे खरं. त्यातलं एकच तत्त्व माझ्या डोक्यात राहिलं आहे, ते १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यातलं. जे विकणाऱ्याच्या मालकीचं नाही, त्याची मालकी घेणाऱ्यालाही मिळत नाही. चोराकडून घड्याळ घेतलं, तर आपल्याला वेळ कळते. घड्याळ आपलं होत नाही. एवढ्या एका शिदोरीवर मी मांजरांच्या कायद्यात शिरलो, आणि आश्चर्य म्हणजे ती शिदोरी शेवटपर्यंत पुरली.

आपला मूळ कायदा म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. तो माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसारखाच फारसं ऐकून घेत नाही. 'शिकार' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोक्यावर हॅट, हातात बंदूक आणि एक पाय मेलेल्या वाघावर, असा फोटो येतो. कायद्याच्या व्याख्येत मात्र पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं हेही शिकारीतच मोडतं. म्हणजे रानमांजराच्या पिल्लापुढे दुधाची बशी सरकवून, 'ये गं मने' म्हणत त्याच्यावर टोपली टाकणारा प्रेमळ इसम आणि तो हॅटवाला हे दोघे कायद्याच्या लेखी एकाच फोटोत खांद्याला खांदा लावून उभे असतात. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असला तर शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं, आणि २०२२ च्या दुरुस्तीपासून दंड किमान २५,००० रुपये. बिबट्यासारखे ठिपके असलेली जी छोटी रानमांजरं असतात, ज्यांना गावाकडे सरसकट वाघाटी म्हणतात, तीसुद्धा याच पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंक्तीला बसली आहेत. अंगानं मांजराएवढी, पण मान वाघाएवढा. मावशीचं नातं निदान इथे तरी सरकारनं मान्य केलं आहे.

पण मला सगळ्यांत आवडलं ते ३९ वं कलम. बेकायदा पकडलेला किंवा कोंडून ठेवलेला वन्यप्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता. रानात आपल्या वाटेनं हिंडणाऱ्या मांजराशी या कलमाचं काही देणंघेणं नाही. तुम्ही त्याला पकडलंत, की ते सरकारजमा. आता यातली खुबी बघा. रानात होतं तोवर ते स्वतःचं होतं. पिंजऱ्यात आलं की सरकारचं झालं. या दोन्हींच्या मध्ये ते निदान एक सेकंद तरी तुमचं व्हावं, अशी फट कायद्यानं ठेवलेलीच नाही. ज्या क्षणी तुम्ही म्हणता 'हे माझं', त्याच क्षणी ते तुमचं नाही हे पक्कं होतं. आणि असा प्राणी कुठल्याही मार्गानं हाती आला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं. 'कुठल्याही मार्गानं' हे शब्द ज्यानं घातले, त्याला आपला समाज नीट माहीत असणार. कारण विचारलं तर प्रत्येक जण हेच सांगणार, की साहेब, मी आणलं नाही, तेच मागे मागे आलं.

सरकारी मालमत्ता म्हटल्यावर आमच्या नववीतल्या कन्येनं एक रास्त शंका काढली. "बाबा, सरकारी खुर्चीच्या पाठीवर नंबर रंगवलेला असतो. रानमांजराच्या पाठीवर कुठे असतो?" मी म्हटलं, "तिच्या पाठीवर ठिपके असतात. ते प्रत्येकीचे निराळे. तोच नंबर." हे मी तिला गप्प करण्यासाठी म्हटलं, पण पुढे वाचनात आलं, की बिबटे आणि वाघ मोजणारे शास्त्रज्ञ खरोखरच ठिपक्यांवरून आणि पट्ट्यांवरून एकेक जनावर ओळखतात. बापानं अंदाजानं दिलेलं उत्तर बरोबर निघण्याचा आमच्या घरातला हा एकमेव प्रसंग.

असो. हे झालं शुद्ध रानटी मांजरांचं. आमच्या अर्जदाराचं मांजर संकरित होतं, आणि संकर म्हटला की कायद्याला घाम फुटतो.

या बेंगॉल मांजराची कुळकथा मोठी रंजक आहे. त्याचा बंगालशी संबंध एवढाच, की ज्या रानमांजराशी हा संकर झाला, त्याच्या शास्त्रीय नावात 'बेंगालेन्सिस' असा शब्द आहे. अमेरिकेतल्या जीन मिल या बाईंनी १९६३ च्या सुमाराला घरगुती मांजर आणि ते ठिपकेवालं रानमांजर यांचा पहिला घाट घातला. मधे बरीच वर्षं खंड पडला. पुढे मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगावर चाललेल्या एका संशोधनातली संकरित मांजरं त्यांना मिळाली आणि काम पुन्हा सुरू झालं. आता या माद्यांना दमदार, पण घरगुती असा जोडीदार हवा होता. बाई शोधत शोधत कुठे आल्या असतील? दिल्लीला! १९८२ मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात, गेंड्याच्या आवारात मुक्काम ठोकून असलेला एक नारिंगी, ठिपकेदार भटका बोका त्यांच्या नजरेत भरला. त्याला त्यांनी अमेरिकेत नेलं, 'टोरी ऑफ डेल्ही' असं खानदानी नाव दिलं, आणि आज जगभरातल्या बहुतेक बेंगॉल मांजरांच्या वंशावळीत हा आपला दिल्लीवाला बसलेला आहे.

म्हणजे बघा. आपल्याकडचा एक बोका, जो गेंड्याच्या घरात फुकट राहत होता, ज्याला इथे असताना कुणी 'हड्' शिवाय दुसऱ्या नावानं हाक मारली नसेल, तो परदेशी गेला. आणि त्याचे पणतू-खापरपणतू आता मोटारसायकलीच्या भावानं आपल्याकडे परत येताहेत. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात कापूस इथून जायचा आणि मँचेस्टरचं कापड होऊन परत यायचं, तो धडा मला आठवला. मी हे अर्जदाराला सांगितलं. त्याला वाटलं, मी भाव पाडतोय.

दुसरा संकर 'सवाना' नावाचा. आफ्रिकेत सर्व्हल नावाचं लांब टांगांचं, मोठ्या कानांचं रानमांजर आहे. उडता पक्षी ते झेप घेऊन हवेतल्या हवेत पकडतं. १९८६ मध्ये अमेरिकेत सर्व्हल आणि घरगुती मांजर यांच्या संबंधातून पहिलं पिल्लू झालं, त्याचंच नाव पुढे जातीला मिळालं. हवेतला पक्षी पकडणारा प्राणी दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये काय पकडणार? पंखा.

तर प्रश्न असा, की हे मांजर घरचं म्हणायचं की रानचं? यावर जगभरच्या कायदेपंडितांनी काढलेली तोड ऐकून मला आमच्या आजीची आठवण झाली. पिढ्या मोजायच्या! न्यूयॉर्क राज्यात किमान पाच पिढ्या जंगली आईबाप नको. मॅसॅच्युसेट्समध्ये मागच्या तीन पिढ्या स्वच्छ हव्यात. आपल्या हिंदू विवाह कायद्यात, १९५५ पासून, सपिंड नातं बापाकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांपर्यंत मोजतात. आजी हे गणित स्थळ सांगून आल्यावर बोटांवर करत असे. न्यूयॉर्कनं बापाकडची बाजू उचलली आणि मॅसॅच्युसेट्सनं आईकडची, एवढाच फरक. हवाई बेटांवर संकरित मांजर मुळीच चालत नाही. जॉर्जियातही नाही. आणि मौज म्हणजे, न्यूयॉर्क राज्यात पाचव्या पिढीचं मांजर चालतं, पण त्याच राज्यातल्या न्यूयॉर्क शहरात कुठल्याच पिढीचं चालत नाही. म्हणजे मोटारीत मागच्या सीटवर झोपलेलं मांजर शहराची हद्द येईतो पाळीव असतं, आणि हद्द ओलांडली की गुन्हा. बिचाऱ्यानं कूससुद्धा बदललेली नसते.

वन्यप्राण्यांच्या व्यापाराबद्दलचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, सायटीस म्हणतात त्याला, आणि आपण १९७६ पासून त्यात आहोत, तो सर्वसाधारणपणे चार पिढ्या मोजतो. चार पिढ्यांत कुणी रानातला निघाला, तर कागदपत्रांच्या दृष्टीनं नातूही रानातला. या कराराच्या यादीत झाडून सगळं मांजरकुळ आहे. वगळलंय फक्त घरगुती मांजर. सगळ्या जातीला वॉरंट आणि एकटी मावशी जामिनावर बाहेर!

ऑस्ट्रेलियानं २००८ मध्ये सवाना मांजरांच्या आयातीवर सरळ बंदी घातली. तिथले पर्यावरणमंत्री होते पीटर गॅरेट, पूर्वाश्रमीचे रॉक गायक. आपल्याकडे आयुष्यभर भसाड्या आवाजात भाषणं करणारे मंत्री पाहिल्यामुळे मला या माणसाचा हेवा वाटला. त्यांची भीती साधी होती. तिथल्या रानातले छोटे प्राणी आधीच रान झालेल्या घरगुती मांजरांनी जेरीस आणलेत. त्यांत ही उंच उड्या मारणारी धिप्पाड पाहुणी मिसळली, तर उरलेसुरलेही जातील.

आणि इंग्लंड! १९६९ मध्ये लंडनच्या हॅरॉड्स या दुकानात चक्क सिंहाचा छावा विकायला होता. दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो २५० गिनींना घेतला आणि एका फर्निचरच्या दुकानात ठेवला. फिरायला म्हणून त्याला जवळच्या चर्चच्या दफनभूमीत नेत. त्या दुकानात घासाघीस किती गिऱ्हाइकं करत असतील, हा माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याच्या मनात येणारा पहिला विचार. वर्षभरात छावा हां हां म्हणता वाढला आणि त्या दोघांच्या एक गोष्ट ध्यानात आली. आपलं याच्यावर प्रेम आहे, त्याचंही आपल्यावर आहे. पण प्रेमानं सोफ्याचं रान होत नाही. त्यांनी त्याला केनियात जॉर्ज ॲडमसन यांच्याकडे रानात सोडायला पाठवलं. १९७६ मध्ये ब्रिटिशांनी धोकादायक वन्यप्राण्यांचा कायदा केला. आता असा प्राणी ठेवायचा तर नगरपालिकेचा परवाना, पशुवैद्याची तपासणी आणि वर विम्याची पॉलिसी. सवानाची पहिली पिढी या कायद्याखाली येते. अमेरिकेलाही डिसेंबर २०२२ मध्ये वाघ-सिंह घरात ठेवण्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि त्यात त्यांचे संकरही धरले आहेत. परसात वाघ बांधणारी माणसं जगात असतात, हे त्यामुळे मला कळलं. आमच्या सोसायटीत कुंडी बाहेर ठेवली तर नोटीस येते.

मी टिपण लिहिलं. आपल्याकडेही २०२२ च्या दुरुस्तीनं, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सायटीसमधल्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली आहे. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे असे जिवंत परदेशी प्राणी ज्यांच्याकडे असतील, त्यांनी 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करायची आहे. थोडक्यात, केवायसी. तेव्हा अर्जदारानं मांजराची कितवी पिढी, याचा वंशावळीचा दाखला आणि आयातीचे कागद जोडावेत. विक्रेत्याला अर्जदारानं फोन लावला. विक्रेता म्हणाला, "कागद मागाहून कुरिअरनं पाठवतो, आधी ॲडव्हान्स टाका." हे वाक्य बँकेतला शिपाईसुद्धा ओळखतो. साहेबांनी शेरा मारला, 'नामंजूर. तारण हलते आहे.' मुलगा दोन दिवस रुसला आणि मग त्यानं मोटारसायकलीसाठी अर्ज केला. मोटारसायकलीच्या आईबापांची कुणी चौकशी करत नाही.

टिपण फाइलला लागलं आणि विषय संपला, असं मी धरून चाललो होतो. जानेवारीत ताईच्या गावाहून फोन आला.

ताई जुन्नर तालुक्यात दिलेली. उसाचा मुलूख. उसात बिबट्या असतो हे तिथल्या शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. पण बिबट्याखेरीजही उसात पुष्कळ कुटुंबं बिनभाड्यानं राहतात. तोड चालू असताना भाच्याला सरीत दोन पिल्लं दिसली. मुठीएवढी, ठिपक्यांची, डोळे नुकते उघडलेले. आजूबाजूला आई नाही. भाचा एकोणीस वर्षांचा, मनानं मऊ. त्यानं ती पाटीत घालून घरी आणली आणि मला व्हिडिओ कॉल लावला. "मामा, बिनआईची आहेत. एक तुझ्याकडे पाठवू का?"

माझ्या मागून कन्येनं फोनमध्ये डोकं घातलं. पाटीतलं एक पिल्लू त्याच वेळी जांभई देत होतं. ते पाहून आमच्या घरात जे झालं, त्याचं वर्णन मी करत नाही. एवढंच सांगतो, की कन्येनं नाव ठेवलं, झोपायची जागा ठरवली आणि दहावीला पंच्याण्णव टक्के मिळवायचं लेखी वचन देऊ केलं. सौभाग्यवती, ज्यांनी चोवीस तास आधी जिन्यातल्या मांजरावर पाणी ओतलं होतं, त्या म्हणाल्या, "किती गोड आहे हो!" ताईच्या सासूबाईंनी तोवर वाटीत गाईचं दूध आणि कापसाची वात घेतली होती. मी एकटा अनुसूची एक, कलम ३९ आणि ४८ तास यांचा पाढा म्हणत उभा होतो. माझ्या घरात मला इतका एकाकी वाटल्याचं दुसरं उदाहरण नाही.

तेवढ्यात पडद्यावर मागे उसतोडीच्या टोळीतली एक बाई दिसली. पाणी प्यायला आली असावी. ती पाटीत वाकली आणि भाच्याला म्हणाली, "कशापायी उचललीस? माय यील की रातच्याला."

भाचा म्हणाला, "आई नव्हती ना तिथं. सोडून गेलीय."

बाई हसली. "माझं लेकरू बी सकाळपास्नं बांधावर झोळीत हाय. मी हितं ऊस तोडतीया. मग ते काय बेवारशी हाय व्हय?"

फोनच्या दोन्ही बाजूंना कुणी बोललं नाही. पिल्लानं पुन्हा एक जांभई दिली. पण या वेळी कन्या 'अय्या' म्हणाली नाही.

'बेवारशी' हा शब्द माझ्या धंद्यातला आहे. खात्यावर दोन वर्षं व्यवहार झाला नाही, तर आम्ही ते खातं निष्क्रिय धरतो. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. आणि त्यानंतरही खातेदार किंवा त्याचा वारस काठी टेकत आला, तर त्याचे पैसे त्याला मिळतात. चारशे रुपयांच्या खात्यासाठी आम्ही दहा वर्षं वाट पाहतो. इथे एका आईला कुणी दहा मिनिटं दिली नव्हती. ती बिचारी कोयत्यांच्या आवाजाला भिऊन शेजारच्या सरीत बसली असेल, आणि तिच्या नजरेसमोर तिची दोन्ही खाती कुणीतरी प्रेमानं बंद करून नेली.

पुढच्या हालचाली भाच्यानंच केल्या. वन विभागाच्या १९२६ या नंबरावर त्यानं फोन केला. वनरक्षक मोटारसायकलीवर आले. त्यांनी पाहताक्षणी सांगितलं, ही बिबट्याची नव्हेत, वाघाटीची. तांबूस ठिपक्यांचं जे रानमांजर असतं, जगातल्या मांजरकुळात ते सगळ्यांत लहान. पुरं वाढलं तरी किलो-दीड किलोचं. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून ते दुसरीकडे कुठे नाही. गाईचं दूध लगेच थांबवलं. जिथून उचलली त्याच जागी, अंधार पडताना, एका उघड्या खोक्यात पिल्लं ठेवली, समोर कॅमेरा लावला आणि माणसांना लांब हटवलं. टोळीनं त्या कोपऱ्यातली तोड थांबवली. तोडणाऱ्याला टनावर पैसे मिळतात. थांबलेल्या तासाचे कुणी देत नाही. हे मला नंतर कळलं.

पहिल्या रात्री आई आली नाही. आमच्याकडे रात्री साडेअकराला, एकला आणि तीनला कुणी ना कुणी उठून भाच्याला मेसेज करत होतं. 'आली का?' 'नाही.' एवढाच पत्रव्यवहार. दिवसभर पिल्लांना वनविभागाच्या डॉक्टरांनी सांभाळलं. मी बँकेत दोनदा व्हाउचर उलटं लावलं. घरी कन्येनं पाटीतल्या त्या पिल्लाला ठेवलेलं नाव उच्चारायचं सोडून दिलं होतं. ती नुसतं 'ते' म्हणायची. "बाबा, ती आलीच नाही तर 'त्याचं' काय करतात?" मी म्हटलं, "केंद्रात वाढवतात." "मग पुन्हा रानात?" मी उत्तर दिलं नाही. अंदाजानं दिलेली उत्तरं नेहमी बरोबर निघत नाहीत.

दुसऱ्या रात्री पावणेदहाला ती आली. कॅमेऱ्यातलं चित्र भाच्यानं सकाळी पाठवलं. आधी नुसते दोन डोळे. मग उसाच्या पाचटातून एक एवढंसं जनावर, आपल्या जिन्यातल्या मांजराच्याही निम्मं. खोक्याला दोन फेऱ्या घातल्या, वास घेतला, एक पिल्लू मानेला धरून उचललं आणि गेली. दुसरं खोक्यात एकटं. चाळीस मिनिटं काही नाही. आम्ही ते चित्र सकाळी पाहत होतो, म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं, तरी आमच्या घरात तिघांनीही श्वास धरला होता. सौभाग्यवती तर पडद्याला म्हणाल्या, "ये गं बाई आता." आणि ती आली.

पुढच्या आठवड्यात मी गावी गेलो, तेव्हा वनरक्षकांनी केलेल्या कागदाची प्रत भाच्यानं दाखवली. मी सवयीनं वरपासून खालपर्यंत तपासली. दिनांक, ठिकाण, गट नंबर, सगळं जागच्या जागी. 'वर्णन : वाघाटीची पिल्ले, नग २.' 'कोणाच्या ताब्यात दिले : आईच्या.' त्याखाली पंचांच्या सह्या. एक सही भाच्याची, आणि एक डाव्या हाताचा अंगठा. तो त्या झोळीवाल्या बाईचा.

आणि सगळ्यांत खाली, 'ताबा घेणाऱ्याची सही' ही जागा रिकामी होती.

चोवीस वर्षांत मी सहीशिवाय कुणाला एक रुपया सोडलेला नाही. पण तो कागद मी पुन्हा एकदा वाचला, घडी घालून भाच्याकडे दिला आणि म्हटलं, "बरोबर आहे. नीट ठेव."